जांभळा रंग कुणाचा

रोज सकाळी चहा ओतण्याआधी ताई आपला काचेचा पेला खिडकीशी धरायची. पेला धुतलेलाच असायचा. तरी त्यात पुन्हा पाणी घ्यायचं, ओतून द्यायचं, आणि पेला उजेडाकडे तिरपा करून आतल्या अंगाने पाणी कसं उतरतं ते बघत राहायचं. पाणी पातळ पडद्यासारखं सलग खाली सरकलं, म्हणजे काच स्वच्छ. मध्येच कुठे थेंब अडून बसला, तर तिथे कशाचा तरी अंश राहिलाय. मग पेला परत मोरीत.

"पास की नापास?" तिचा नवरा टेबलावरून विचारायचा. तो घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच, त्यामुळे सकाळपासूनच त्याच्या एका डोळ्याला भिंग लावलेलं असे.

"नापास."

"अगं, चहा प्यायचाय, पेल्याला नोकरीला नाही ठेवायचं."

वरच्या मजल्यावर ताईची धाकटी बहीण राहायची. सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण ती खालीच घ्यायची. वयाची चाळिशी उलटून गेली तरी घरात तिला सगळे छोटी म्हणत, आणि ताई हाक मारताना 'छोटे' म्हणे. ती जिन्यावरून केस बांधतच उतरायची आणि दारातून म्हणायची, "काय घर आहे! दोन माणसं, आणि दोघांनाही डोळ्यांसमोर काच धरल्याशिवाय काही दिसत नाही."

"मेहुणीबाई, बसा," भाऊजी म्हणायचे. "तुमचा पेला कालच पास झालाय."

ही काचेची सवय ताईने घरातून कामावर नेली नव्हती, कामावरून घरी आणली होती. ती लस बनवणाऱ्या एका संस्थेत तपासणी विभागात होती. तयार लशीत प्रथिन किती, हे मोजणं तिचं काम. लशीचा विषाणू वाढतो जिवंत पेशींवर. मग त्या पेशींची नको असलेली प्रथिनं धुऊन, गाळून काढावी लागतात. तरी थोडी राहतातच. किती राहिलेली चालतात याची एक मर्यादा असते, आणि तिच्या पलीकडे गेलेली लस कुणाच्या दंडात टोचता येत नाही. म्हणजे शेवटचा होकार किंवा नकार ताईच्या टेबलावरून जायचा.

मोजायची पद्धत दिसायला साधी. नळीत लशीचा नमुना घ्यायचा, त्यात तांब्याचं पोपटी रंगाचं द्रावण मिसळायचं, आणि कोमट ठेवायचं. प्रथिन असेल तर पोपटी रंग हळूहळू जांभळा होतो. जितकं प्रथिन जास्त तितका जांभळा गडद. यंत्र त्या रंगाचा आकडा सांगतं.

गोम अशी, की हा जांभळा रंग फक्त प्रथिनालाच येतो असं नाही. लशीत आणखी पुष्कळ काही असतं. ती टिकावी म्हणून घातलेली साखर, तिचा आंबटपणा सांभाळणारे क्षार, बाटलीच्या काचेला चिकटू नये म्हणून घातलेला चिकटपणा मोडणारा पदार्थ. यातलं कोण कधी मध्ये तोंड घालेल याचा नेम नाही. नव्या मुलींना शिकवताना ताई म्हणायची, "रंग आला एवढं रंग सांगतो. कुणाचा आला ते आपण विचारायचं."

विचारायची तिची रीत ठरलेली होती. नमुन्याच्या शेजारी एक नळी अशी ठेवायची, जिच्यात लस सोडून बाकी सगळं असेल. तिला तिथे ब्लँक म्हणत. ब्लँकला जेवढा रंग येईल तेवढा नमुन्यातून वजा करायचा. ब्लँक लावल्याशिवाय ताई कुठल्याच आकड्यावर सही करत नसे, आणि हळूहळू ही खोड तिच्या बोलण्यातही उतरली. एकदा वरच्या मजल्यावर पाहुणे आले होते तेव्हा भाऊजी म्हणाले, "काय गोंधळ चाललाय वर!" ताई म्हणाली, "छोटी एकटी असताना किती गोंधळ असतो, तो आधी वजा करा." तेव्हापासून छोटी तिला रागावली की 'ब्लँकबाई' म्हणायची.

आणि साबण. साबणाशी तिचं हाडवैर होतं. नोकरीच्या सुरुवातीला तिथे निराळी, निळ्या रंगाची पद्धत होती. तिने हौसेने सगळ्या नळ्या साबणाने लखलखीत घासल्या आणि खंगाळताना घाई केली. दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी भरलेल्या नळ्यांनीही निळा रंग धरला. आठवडाभराचं काम पाण्यात गेलं, तेही निळ्या. तेव्हापासून ती भांडी सोडा आणि कढत पाण्याने घासायची. घरातली तेलकट कढईसुद्धा. साबणाची वडी मोरीच्या कोपऱ्यात छोटी आणि भाऊजी यांच्यासाठी असे, आणि ताई तिच्याकडे शेजारणीच्या उनाड मुलाकडे बघावं तशी बघे.

छोटी त्याच संस्थेत होती. पेशी वाढवायच्या खोलीची ती प्रमुख. तपासणीची खोली आणि पेशींची खोली यांच्यामध्ये एक भिंत, आणि भिंतीत काचेच्या दुहेरी झडपांची एक लहानशी खिडकी. तिकडून छोटीने नमुन्यांचा ट्रे आत ठेवून झडप लावायची, मग इकडून ताईने आपली झडप उघडून तो घ्यायचा. नमुन्यांवर नुसते क्रमांक. कुठला नमुना कुठल्या लशीचा, हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही असा नियम.

घरातही एक नियम होता, आणि तो ताईचा. छोटी नव्याने कामाला लागली तेव्हा एका रात्री जेवताना सहज म्हणाली, "ताई, माझा सकाळचा नमुना कसा आला गं?" ताईने चमचा खाली ठेवला. "आजपासून या टेबलावर कामाचं बोलायचं नाही. जो बोलेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची."

"एवढ्यासाठी?"

"तू माझी बहीण आहेस एवढ्यासाठी."

नियम सगळ्यांना सारखा म्हणून भाऊजींनाही लागू झाला. पहिली भांडी त्यांनीच घासली, कारण एका गिऱ्हाइकाने घड्याळ सूपमध्ये पाडलं ही गोष्ट त्यांना पोटात ठेवता आली नाही. बहिणी मात्र पक्क्या. वर्षानुवर्षं दोघी एका टेबलावर जेवल्या, एका भिंतीच्या दोन बाजूंना राबल्या, आणि कामाचा एक शब्द या बाजूचा त्या बाजूला गेला नाही.

मग छोटीची नवी लस आली.

लहान मुलांसाठी होती. छोटीने तिच्यासाठी पेशी वाढवल्या, गाळण्या बदलल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दोनदा ती प्रथिनाच्या मर्यादेपाशी येऊन अडली. दोन्ही वेळा ताईच्याच सहीने नाकारली गेली, आणि दोन्ही वेळा छोटी त्या रात्री खाली जेवायला आली आणि हवेबद्दल बोलत राहिली. आता वरून निरोप होता. ही तिसरी खेप उतरली तर ठीक, नाहीतर पेशींची खोली बंद करून तिथे खोके बांधायचं काम सुरू करायचं.

तिसऱ्या खेपेचा नमुना खिडकीतून आला तेव्हा त्यावर नुसता क्रमांकच होता. पण ट्रेला लावलेल्या चिकटपट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं. शाळेच्या वह्यांना कव्हर घालताना छोटी असंच टोक दुमडायची, पुढच्या वेळी नखाने उकरत बसायला नको म्हणून. ताईने ते टोक पाहिलं, पाहिलं नाही असं स्वतःला सांगितलं, आणि नळ्या मांडायला घेतल्या.

रंग जांभळा आला. नुसता जांभळा नाही, भरताच्या वांग्यासारखा. आकडा मर्यादेच्या कुठल्या कुठे पलीकडे.

तिने पुन्हा मोजलं. तेच. पण या खेपेला नळ्या लगेच टाकून न देता तिने त्या मांडणीवर तशाच राहू दिल्या, आणि डबा खाऊन आल्यावर पुन्हा यंत्रात घातल्या. शेजारच्या ओळीत, प्रथिन किती ते आधीच माहीत असलेल्या नळ्या होत्या. त्यांचा रंग होता तिथेच जवळपास थांबलेला. या नमुन्याचा मात्र अजून चढत होता. प्रथिन असं वागत नाही. कुणीतरी दुसरं त्याच्या आडून रंग भरत होतं.

तिने साठ्यातून या लशीचा ब्लँक मागवला. लस सोडून बाकी सगळं. तोही लावून पाहिला. पोपटीचा पोपटी राहिला, जांभळ्याचा मागमूस नाही. म्हणजे बाकी सगळं निर्दोष, आणि दोष प्रथिनाचाच.

विभागप्रमुखांना सगळे मागून आजचसाहेब म्हणत, कारण त्यांना काहीही हवं असलं तरी ते आजच हवं असे. ते दारात येऊन उभे राहिले.

"आकडा?"

"आकडा आहे. पण माझा त्याच्यावर विश्वास नाही."

"ब्लँक लावला?"

"लावला. स्वच्छ आहे."

"मग?" त्यांनी दार लोटलं आणि आवाज उतरवला. "हे बघा, नमुना कुणाच्या खोलीतला आहे ते मी सांगत नाही. पण उद्या कुणी म्हणालं की बाई दोनदा नाही म्हणाल्या आणि नेमक्या तिसऱ्यांदा अडखळल्या, तर मी काय उत्तर देऊ? आकडा मला आजच पाहिजे."

ते खरं होतं आणि ते खरं आहे हेच तिला बोचलं. विश्वास नाही म्हणणारी तपासनीस आणि बहिणीची बाजू घेणारी ताई, या दोघी बाहेरून अगदी सारख्या दिसत होत्या. तिने एक दिवस मागितला. दुसऱ्या रीतीने मोजते म्हणाली. आजचसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान हलवून गेले.

दुसरी रीत अशी. नमुन्यात तीव्र आम्ल घातलं की प्रथिन फाटतं, नासक्या दुधासारखं, आणि नळी यंत्रात गरगर फिरवली की त्याचा साका तळाशी बसतो. साखर, क्षार वगैरे वरच्या पाण्यात राहतात. ते पाणी ओतून द्यायचं, साका तेवढा पुन्हा विरघळवायचा आणि मोजायचा. मध्ये तोंड घालणारे सगळे मोरीत, बोलायला एकटं प्रथिन उरतं.

पण प्रथिन फारच थोडं असलं तर साका धड बसत नाही. म्हणून आम्लाआधी एक वाहक पदार्थ घालायचा असतो. तो पित्तापासून काढतात. आम्लात तो स्वतः खाली बसतो आणि जाता जाता प्रथिनाचे चुकार कण कवेत घेऊन बसतो. ताईला हे ठाऊक होतं. फक्त हा वाहक स्वभावाने साबणाच्या गोतातला. हलवला की फेस धरतो. त्याची बाटली तिने फडताळातून काढली, हलवली, फेस पाहिला, आणि परत ठेवून दिली. तिच्या नळीत तिने आपण होऊन साबण घालायचा? हातात कसब आहे, साका असाही बसवता येईल, असं तिने ठरवलं.

आकडा आला जवळजवळ शून्य.

आजचसाहेबांना तो कुणी सांगितला कोण जाणे, पण ते बोळातून पळत आले. इतकी स्वच्छ लस त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. "करा सही, करा! आजच करा!" तिकडे खिडकीच्या काचेपलीकडे छोटीचा चेहरा दिसला. तिच्या कानावरही गेलं होतं. तोंडावर मुखपट्टी होती, पण डोळ्यांच्या कडांना ज्या सुरकुत्या पडल्या होत्या त्या ताईला लहानपणापासून पाठ होत्या.

ताईने लेखणी उचलली नाही. तिच्या शेजारी आणखी एक नळी होती. त्या नळीत तिने नमुन्यासोबत आपल्या हाताने ओळखीचं प्रथिन मोजून घातलं होतं, आणि तिच्यावरही हेच सगळे सोपस्कार केले होते. घातलेलं परत मिळायला हवं. ते मिळालं नव्हतं. त्या नळीतही जवळजवळ शून्य. म्हणजे लस स्वच्छ होती की नाही कुणास ठाऊक, प्रथिन मात्र वरच्या पाण्याबरोबर मोरीत गेलं होतं.

"हा आकडा खोटा आहे, साहेब," ती म्हणाली. "माझ्या हातून साका गेला."

"पण तो चांगला आहे!"

"चांगला आहे. खोटाही आहे."

काचेपलीकडच्या सुरकुत्या एकेक करून पुसल्या गेल्या. मग चेहराच तिथून गेला.

संध्याकाळी टेबलावर उकडलेले बटाटे आणि लोण्यात परतलेली भाजी होती. भाऊजींनी हवेचा विषय काढून पाहिला, कुणी घेतला नाही. मीठ मागितलं, तेही कुणी दिलं नाही. छोटी बटाट्याचे इतके बारीक तुकडे करत होती, की ते खायला चमचा नाही, भाऊजींचा चिमटाच लागला असता.

"छोटे, खा ना नीट," ताई म्हणाली.

आणि छोटी फुटली.

"काय खाऊ? सांग, काय खाऊ! दोनदा नापास केलंस, गप्प राहिले. आज पास झाले तर तुला तेही बघवलं नाही. आपल्या हाताने आलेला आकडा आपल्या हाताने खोडणारी बाई जगात एकच असेल, आणि ती माझ्याच नशिबी ताई म्हणून आली! काय नाही केलं मी त्या लशीसाठी? टिकावी म्हणून ती वाळवतो, तेव्हा बाटलीत तिची वडी बसेना, खचायची, तर साखरसुद्धा बदलली. साधी काढून टाकली, दुधातली घेतली. कशी देखणी वडी बसली माहितीये तुला? नाही माहीत! कारण या घरात—"

"थांब." ताई अर्धवट उभी राहिली होती. हातातला बटाटा चमच्यासकट हवेत. "काय बदललंस?"

छोटीने तोंडावर हात घेतला. "घासते भांडी. बोलले मी, घासते."

"भांडी गेली खड्ड्यात. साखर कुठली घेतलीस?"

"दुधातली. का? बदल मंजूर झालाय, चोरून नाही केला."

"कधीपासून?"

"या खेपेपासूनच."

ताई खाली बसली, पुन्हा उठली, आणि हसायला लागली. इतकी हसली, की भाऊजींनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. "अगं, साधी साखर माझ्या तांब्याला बोटही लावत नाही. पण दुधातली साखर त्याला सरळ जांभळं करते! प्रथिन असो नसो. आणि साठ्यातला तो ब्लँक, तो जुन्या साखरेचा असणार. आधीच बनवून ठेवलेला. आणि मी दोन दिवस त्याच्या तोंडाकडे बघत्येय!"

"म्हणजे तो जांभळा..."

"किती तुझा आणि किती साखरेचा, देव जाणे. उद्या मी जाणेन."

छोटीचे डोळे भरून आले आणि ती रागानेच म्हणाली, "एवढं एका वाक्याचं काम होतं. तुझा तो नियम नसता तर मी वडी बसली त्याच दिवशी इथे नाचत येऊन सांगितलं असतं."

"हो. म्हणून आज भांडी मी घासणार. नियम माझा, शिक्षा माझी."

"मलाही काहीतरी कळू द्या," भाऊजी म्हणाले. "आपण आनंदात आहोत की नाही?"

"अर्धे," दोघी म्हणाल्या.

ताई भांडी घासायला बसली. सोडा, कढत पाणी. कढईतलं लोणी सगळीकडे पसरलं, निघेना. ती घासत राहिली, पाणी ओतत राहिली, आणि कढईच्या कडेने लोण्याचे बारीक डोळे तरंगत राहिले. शेजारी पुसायला उभ्या असलेल्या छोटीला राहवलं नाही.

"साबण लाव की गं ताई. नुसत्या पाण्याच्या हाताला ते कसं लागणार? त्याला धरून न्यायला कुणी नको का?"

ताईचा हात कढईत थांबला. मग तिने मान वळवून कोपऱ्यातल्या त्या वडीकडे पाहिलं. 

"काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाली. "दे ती वडी इकडे."

सकाळी ती आजचसाहेबांच्या आधी त्यांच्या दाराशी पोचली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. साखर बदलल्याचं काल घरी जेवताना कळलं, बहिणीकडून कळलं, नमुना कुणाचा तेही मी चिकटपट्टीवरून ओळखलं होतं, आणि साका गेला तो वाहक घातला नाही म्हणून. तो घातला नाही कारण मला साबणाचा तिटकारा आहे, दुसरं काही कारण नाही. आता माझ्याबरोबर दुसऱ्या कुणीतरीही मोजावं, क्रमांक बदलून, मला न सांगता.

आजचसाहेब खुर्चीत टेकून हे सगळं ऐकत होते. एवढी वर्षं झाली, या बाई स्वतःहून इतकं बोललेल्या त्यांना आठवत नव्हत्या.

"किती वेळ लागेल?"

"संध्याकाळ होईल. कदाचित उद्या."

त्यांनी एक उसासा टाकला. "उद्या चालेल."

ही गोष्ट बोळात पसरायला वेळ लागला नाही. लशीचं नंतर कळलं, आधी सगळ्यांना हे कळलं की साहेब 'उद्या' म्हणाले.

नवा ब्लँक बनवला, या वेळी दुधातल्या साखरेचा. ताईने तो नळीत घेतला, तांब्याचं द्रावण मिसळलं आणि समोर बसून राहिली. लशीचा थेंबही नसलेलं ते पाणी पोपटी होतं, मग राखाडी, मग फिकट, मग चांगलं ठसठशीत जांभळं झालं. शेजारच्या टेबलावरची तपासनीस वाकून बघत म्हणाली, "चोर सापडला म्हणायचा."

"चोर कसला? बिचारी साखर आपलं काम करत होती. तिला कुणी विचारलं नाही, एवढंच."

मग तिने फडताळातून वाहकाची बाटली काढली. हलवली नाही. हलकेच उघडून प्रत्येक नळीत मोजून घातला, थोडं थांबली, आम्ल घातलं. नळ्या यंत्रात लावताना प्रत्येकीच्या बाहेरच्या बाजूला पेनाने एक ठिपका केला, साका तिथे बसेल म्हणून. यंत्र थांबल्यावर तिने पहिली नळी खिडकीशी धरली. ठिपक्यामागे, काचेवर श्वास पडावा तसा, पांढुरका डाग होता. एरवी काचेवर काही राहिलेलं दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. आज तिने नळी तशीच धरून ठेवली आणि त्या डागाकडे न्हाऊ घातलेल्या पोराकडे बघावं तशी बघत राहिली.

ओळखीचं प्रथिन घातलेल्या नळीतून घातलेलं सगळं परत मिळालं, केसाइतकं इकडेतिकडे. नव्या ब्लँकच्या रीतीने आणि साक्याच्या रीतीने आलेले नमुन्याचे आकडे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. शेजारच्या तपासनीसबाईंचाही तोच. तो शून्याजवळचा सुंदर आकडा नव्हता. पहिला वांग्याच्या रंगाचाही नव्हता. मर्यादेच्या आत, थोडाच आत, पण सगळाच्या सगळा आत.

ताईने ब्लँक पुन्हा एकदा पाहिला. मग सही केली.

आजचसाहेब कागद घेऊन स्वतः पेशींच्या खोलीकडे गेले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून असा आवाज आला, की कुणाच्या तरी हातून सगळी काचेची भांडी पडली असावीत. काही पडलं नव्हतं. छोटी ओरडली होती.

खिडकीच्या त्या बाजूची झडप उघडली. दोन्ही झडपा एकदम उघडायच्या नाहीत, तसं त्या उघडतही नाहीत. म्हणून छोटीने हात आत घालून ताईच्या झडपेच्या काचेवर तळवा टेकवला. इकडून ताईने आपला टेकवला. दोन झडपांमधल्या त्या पोकळीत एरवी नमुन्यांचे ट्रे बसत. आता तिथे छोटीच्या हाताखेरीज काही नव्हतं. छोटी पलीकडून काहीतरी बोलत होती, ऐकू येत नव्हतं. ताईने ओठ वाचले. 'ब्लँकबाई' असं होतं ते.

त्या रात्री जेवताना टेबलावर नुसतं काम, काम आणि काम बोललं गेलं. वडी कशी बसली, साका कसा बसला. भांड्यांचा ढीग पडला, आणि कुणी किती बोललं याचा हिशेब लागेना, म्हणून शेवटी तिघांनी मिळून घासली. नियम मोडीत निघाला नाही. फक्त त्याला एक जोड मिळाली: नमुन्याबद्दल बोलायचं नाही, पण लशीत काय घातलं, काय काढलं, ते टेबलावर सांगायचं आणि सकाळी साहेबांनाही सांगायचं. पेशींची खोली पेशींचीच राहिली. तिथे खोके आले ते छोटीच्या लशीच्या बाटल्या न्यायला.

ताई त्यानंतर काही वर्षं त्याच टेबलावर होती. नव्या मुलींना वाहकाची बाटली दाखवताना ती म्हणायची, "मला हा आवडत नाही. घाला." तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी खिडकीतून एक ट्रे आला. चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं. तिने रोजच्यासारखा ब्लँक लावला, आकडा पाहिला, सही केली. निरोपाच्या वेळी आजचसाहेब म्हणाले, चार शब्द बोला, आजच. ती म्हणाली, नळ्या धुवायच्या राहिल्यात, आणि खरंच धुवायला गेली.

घरी छोटी आधीच पोचली होती. तिने चहा ठेवला होता आणि ताईचा पेला धुऊन ठेवला होता. चक्क साबणाने. ताईने पर्स खुंटीला अडकवली, पेल्यात पाणी घेतलं, ओतून दिलं, आणि तो खिडकीशी तिरपा धरला. भाऊजींनी भिंग कपाळावर सरकवलं. छोटी किटली हातात घेऊन थांबली. पाणी सलग खाली सरकत गेलं आणि काठाजवळ एक थेंब मागे राहिला. तिघांनाही दिसला.

"पास की नापास?" भाऊजींनी विचारलं.

"एक थेंब आहे," ताई म्हणाली, आणि पेला टेबलावर ठेवला. "असू दे. ओत चहा."